कुंकू लावलेली सीडी

"चमकणाऱ्या बाजूनं कुंकू कुणी लावलं?"

"मी लावलं. दुसरं कोण हाय लावायला या घरात?"

"अगं पण चमकणाऱ्या बाजूनं?"

"मंग काय पाठीला लावू? देवाला कुंकू कपाळाला लावतात का पाठीला? ज्या बाजूत तोंड दिसतं ती पुढची बाजू. माझं तोंड दिसलं, लावलं."

"एकोणीस वर्षं?"

"एकोणीस वर्षं. एक खंडेनवमी चुकवली न्हाई. तुमीच म्हणलात, ही माझी हत्यारं हायत, हळदी-कुंकू कर. आता केलं तर मीच वाईट!"

महालिंगआप्पांनी सीडी दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे केली. पलीकडचं काहीच दिसेना. सीडी कसली, खंडोबाचा टाकच झाला होता तिचा. हळदीवर कुंकू, कुंकवावर हळद, त्याच्यावर पुन्हा कुंकू. मधल्या भोकात तर एक तांदळाचा दाणाही अडकला होता.

"अक्षता बी टाकल्यात?"

"मंग? कोरडी पूजा करत असतेत का?"

मानवतच्या मोंढ्याकडे, म्हणजे आडत बाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर 'महालिंग झेरॉक्स, लॅमिनेशन व कॉम्प्युटर' ही पाटी आहे. पाटीखाली दुकान, दुकानामागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडचं राज्य आप्पांचं, पलीकडचं नीलम्माबाईंचं. भांडण मात्र दोन्हीकडे फिरतं, त्याला पडद्याची अडचण नाही. त्या दिवशी ते सकाळी नऊलाच दुकानात आलं होतं, कारण दुपारी एकच्या आत ती सीडी चालायला हवी होती. नाही चालली तर लेकीचं लग्न मोडणार होतं.

लेक शिवकन्या, वय पंचवीस. मुलगा शिवकांत, पूर्णेला रेल्वेत सिग्नलच्या कामावर. परभणीत परीक्षेच्या क्लासला दोघं एका बाकाआड बसायचे, आणि बाकाआड बसून जे व्हायचं ते झालं होतं. एरवी घरची माणसं तयार होती. जात जुळली, पगार जुळला, दोन्हीकडच्या आज्या कुठल्याशा नात्यानं बहिणी निघाल्या. मग शिवकांतच्या आत्यानं मोबाइलवर पत्रिका टाकली. गुण आले साडेसतरा. लागतात अठरा. वर मुलीचं नक्षत्र निघालं आश्लेषा, म्हणजे लोक म्हणतात, सासूला वाईट. आणि सासू होणार होत्या राजेश्रीबाई, म्हणजे शिवकांतची आई. अजून तिळगूळसुद्धा चावून खाणाऱ्या, ठणठणीत बाई.

आप्पांचं म्हणणं एकच. शिवकन्या जन्मली तेव्हापासून मघा नक्षत्राची आहे. आश्लेषा संपता संपता आणि मघा लागता लागता जन्मली, अगदी उंबऱ्यावर. 'नक्षत्रवेल' नावाचं पत्रिकेचं जे सॉफ्टवेअर आप्पा वापरायचे, त्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये ती उंबऱ्याच्या आत यायची. कंपनीनं गणित बदलून नवं व्हर्जन काढलं, त्यात पोरगी उंबऱ्याबाहेर. एप्रिलात मुलाचं टिपण आलं तेव्हा आप्पांनी जुन्यात गुण काढून बघितले होते. साडेचोवीस. पण मे महिन्यात दुकानाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जळाली. नव्या कॉम्प्युटरवर कंपनी फक्त नवंच उतरवून देते. जुनं मागितलं तर कंपनीच्या फोनवरची बाई गोड आवाजात म्हणते, ते आता उपलब्ध नाही.

"मी त्यांना साडेचोवीसचा कागद पाठवलाय की," आप्पा म्हणाले होते.

"आन त्या काय म्हणल्या?" नीलम्माबाईंनी विचारलं होतं.

"म्हणल्या, आप्पा, दुकान तुमचं, प्रिंटर तुमचा, पोरगी तुमची. कागद कसला बघायचा? बुधवारी दुपारी एकला मी येते. मशिनीवर डोळ्यानं दाखवा."

आणि म्हणून ती सीडी.

आता ही सीडी जिच्यातून निघाली त्या पेटीबद्दल सांगायला हवं, कारण मानवतात आप्पांना लोक त्या पेटीवरनंच ओळखतात. पेटी पत्र्याची, हिरवी, झाकणावर पांढऱ्या रंगात 'कु. नीलम्मा' लिहिलेलं. रुखवतात आलेली. तिच्यात शालू होता, बुट्ट्यांचं खणाचं कापड होतं, नीलम्माबाईंच्या आईनं विणलेलं तोरण होतं. आज तिच्यात सव्वाचारशे सीड्या आहेत, एका औषधाच्या डबीत एकवीस पेनड्राइव्ह आहेत, आणि एक लांबडं रजिस्टर आहे. शालू गोदरेजच्या कपाटावर पोत्यात आहे.

हे सगळं सुरू झालं एका लग्नपत्रिकेवरून. दुकान नवं होतं. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं म्हणून आप्पांनी हौसेनं टाकून घेतलं. दुसऱ्या दिवशी चारशे पत्रिका छापून आल्या. 'आमचे येथे श्रीकृपेने' इथपर्यंत झकास. पुढे 'चि.' आणि चार चौकोन. 'चि. सौ. कां.' आणि तीन चौकोन. निमंत्रक म्हणून चौकोनांची एक अख्खी रांग. नवरदेवाचा बाप गठ्ठा घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, "आप्पा, आमी पोराचं लग्न लावायलाव. तुमी चौकोनाचं चौकोनाशी लावायलाव का?"

आप्पांनी कंपनीला फोन केला, जुनं द्या. तिकडून उत्तर आलं, जुनं आता मिळत नाही साहेब, नवं जास्त चांगलं आहे.

त्या 'मिळत नाही'नं आप्पांच्या मनात घर केलं. एक जानेवारी दोन हजार तीनला त्यांनी रजिस्टर आणलं आणि पहिली ओळ लिहिली. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर नवं आलं की आप्पा आधी त्याचं जुनं सेटअप उचलून ठेवतात. सॉफ्टवेअर नुसतं चालतंय म्हणून भागत नाही, ते पुन्हा पहिल्यापासून चढवायला जी मूळ फाइल लागते, ती हाताशी हवी. रजिस्टरात नाव, व्हर्जन, कोणत्या दिवशी आणलं, कुणाकडून आणलं. अक्षर असं की सातबारावरही एवढं सुवाच्य दिसायचं नाही. आणि कॉपी करायचा दिवस वर्षातून एकच, खंडेनवमी. त्या दिवशी सुतार वाकस पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, आप्पा सेटअप पुजतात. म्हणजे आप्पा कॉपी करतात आणि पूजा नीलम्माबाई करतात. कशी करतात ते आप्पांनी एकोणीस वर्षं बघितलं नव्हतं.

लोक आधी हसायचे. मग मोंढ्यातल्या योगीराज अडत्यांचा पावत्या काढायचा प्रिंटर बंद पडला. प्रिंटर धडधाकट, पण नवा कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना. तीन पोरं येऊन गेली, तिघांनी नवा घ्या म्हणून सांगितलं. आप्पा गेले, पेटीतली एक सीडी घातली, पाच मिनिटांत प्रिंटर करकरायला लागला. योगीराजशेट भर मोंढ्यात म्हणाले, "आप्पा, तुमच्या पेटीत काय न्हाई ते सांगा!"

"माझा शालू न्हाई," नीलम्माबाई पडद्याआडून म्हणाल्या होत्या.

आणखी एक वस्तू सांगायची राहिली. काउंटरच्या मागे भिंतीवर एक लॅमिनेशन केलेला कागद आहे. टिकल्यांची अक्षरं काढणाऱ्या जुन्या प्रिंटरचा. वर दोघांची नावं, जन्मतारखा, जन्मवेळा. खाली: 'एकूण गुण ३०. विवाह उत्तम.' सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. तेव्हा आप्पा परभणीत एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते. नीलम्माबाईंच्या वडिलांना हे पोरगं नको होतं, बारीक आहे म्हणत होते. तो कागद बघितला आणि विरघळले. कॉम्प्युटरनं काढलंय म्हटल्यावर तेव्हा माणूस उभा राहून ऐकायचा. आजही भांडण हातघाईवर आलं की नीलम्माबाई भिंतीकडे बोट करतात. "तीस गुण हायत म्हणून निभवायले. एक जरी कमी असता तर कवाच माहेरी गेले असते."

तर, सकाळचे नऊ.

"चिंच आणू का?" नीलम्माबाई म्हणाल्या. "पितळंवरचं निघतं, ह्याच्यावरचं निघना का?"

"चिंच?" आप्पा छातीशी सीडी धरून मागे सरकले. "लेकीचं वाटोळं करती का?"

"आई, तू बस. पप्पा, तुम्ही पण बसा." शिवकन्यानं आईच्या हातातली चिंच काढून घेतली. "कोमट पाणी, अंगाचा साबण, कापूस. आणि मधून बाहेरच्या कडेला पुसायचं. गोल नाही फिरवायचं."

"गोल चीज गोल पुसायची न्हाई?"

"नाही."

"हे असलं उलटंच असतंय तुमच्याकडं," नीलम्माबाई म्हणाल्या आणि कापूस आणायला गेल्या.

पहिल्या हातात दोन हजार चोवीसचं कुंकू निघालं. पाणी लाल. दुसऱ्या हातात हळद. तिसऱ्या पाण्याला करोनाच्या साली गेलेल्या स्वस्त कुंकवाचा गुलाबी रंग आला. "ते डुप्लिकेट व्हतं," नीलम्माबाई म्हणाल्या, "बाजार बंद व्हता तवा." सहाव्या पाण्याला सीडीत पहिल्यांदा उजेड दिसला. आठव्याला आप्पांचं नाक दिसलं.

टेबलाखालून जुना कॉम्प्युटर निघाला. नव्याला सीडी घालायची जागाच नाही. जुन्याला जागा आहे, पण दार उघडेना. आप्पांनी हात पुढे केला. नीलम्माबाईंनी केसातली पिन काढून दिली. दाराच्या खाली सुईएवढं भोक असतं, त्यात पिन खुपसली की दार बाहेर येतं. एवढं तर त्यांना सत्तावीस वर्षांत कळलेलं होतं.

सीडी आत गेली. पिठाची गिरणी सुरू व्हावी तशी घरघर झाली. स्क्रीनवर एक निळी पट्टी आली आणि मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. बारा टक्के. एकतीस. सत्याऐंशी.

सत्याऐंशीला थांबली.

आणि दारात रिक्षा थांबली.

राजेश्रीबाई रेल्वेनं मानवत रोडला उतरून रिक्षानं आल्या होत्या. उंच बाई, कपाळाला विभूतीची रेघ, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पेढे. पेढे द्यायचे की परत न्यायचे ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं, हे पिशवी धरण्यावरून दिसत होतं.

"बसा अक्का," नीलम्माबाईंनी स्टूल पुढे केलं. "पाणी आणते."

"पाणी नंतर. कुठंय ते?"

"चढायलंय," आप्पा म्हणाले.

"किती येळचं?"

"जुनं हाय अक्का. दमादमानं चढतंय."

राजेश्रीबाई पट्टीसमोर स्टूल घेऊन बसल्या. सत्याऐंशी. नीलम्माबाईंनी पडद्याआड जाऊन हात जोडले. सत्याऐंशी. शिवकन्यानं काउंटरची कड एवढी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली.

"ह्याला मधी मधी थापड मारावी लागती का?" राजेश्रीबाईंनी विचारलं. "आमच्या टीव्हीला लागायची."

कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांनी हात उगारला आणि कॉम्प्युटरच्या कुशीत एक ठेवून दिली. घरघर थांबली. आप्पांनी कॉम्प्युटरला कान लावला. मग आतून एकदा खाकरल्यासारखा आवाज आला आणि पट्टी सरळ शंभरावर गेली.

"येवढंच व्हतं," राजेश्रीबाई म्हणाल्या.

आप्पांनी दोघांची टिपणं भरली. मुलगी: मघा. गुण: साडेचोवीस. शिवकन्यानं सोडलेला श्वास काउंटरवरचे झेरॉक्सचे कागद हलवून गेला.

"बगा अक्का. डोळ्यानं बगितलं न्हवं?"

"बगितलं." राजेश्रीबाई हलल्या नाहीत. "आता मला सांगा आप्पा, मोबाइलमधलं म्हणतंय साडेसतरा, हे म्हणतंय साडेचोवीस. खरं कोणचं, हे मी कसं ठरवावं? तराजू घेताना बी माणूस पहिलं ठाव असलेलं वजन टाकून बगतो."

"म्हंजे?"

राजेश्रीबाईंनी भिंतीकडे हनुवटी केली. "तुमचं दोघांचं टाका. तुमचे तीस गुण जुळलेत, हे मला रिक्षावाल्यानं बी सांगितलं. ह्याच्यात तीस निघाले तर ही मशिन खरी. मी पेढे ठेवून जाते."

"टाका की!" नीलम्माबाई पदर खोचून पुढे आल्या. "त्यात काय? आमचं तर उघडं हाय सगळं!"

आप्पा मात्र एकदम उभे राहिले. "चहा झाला का गं?"

"चहा व्हईल. टाका."

"लाइट जायचा टाइम झालाय."

"लाइट सोमवारी जाते. आज बुधवार हाय."

"जन्मयेळ नीट ठाव न्हाई."

"भिंतीवर लिवलीय की! तुमीच लिवलीय!"

आप्पा खाली बसले. एकेक आकडा असा टाइप करायला लागले जणू बोटं कुणा शेजाऱ्याकडून मागून आणलीत. तारीख चुकवली, पुसली, पुन्हा चुकवली. शेवटी सगळं भरून झालं आणि बोट एंटरवर जाऊन नुसतं टेकलं.

"पप्पा, दाबा."

"दाबतोय."

"पप्पा."

शिवकन्यानं मागून हात घातला आणि दाबलं.

स्क्रीनवर आलं: एकूण गुण ११॥. विवाह निषिद्ध.

बाहेरच्या रस्त्यानं सरकीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला. शिवकन्या आकड्याकडे बघत होती, आणि आकड्यापलीकडे तिला पूर्णेची गाडी निघून जाताना दिसत होती.

"साडेअकरा," राजेश्रीबाई सावकाश म्हणाल्या. "किती वर्षं झाली म्हणता लग्नाला?"

"सत्तावीस," नीलम्माबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कुठूनतरी खोलातून आला.

"रोज भांडता?"

"रोज."

"बोलणं बंद?"

"ते कसं जमंल? भांडणार कुणाशी मंग?"

राजेश्रीबाईंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं ठसका लागला. मग पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की स्टूल करकरलं. "अवो, साडेअकराचं हे एवढं दणकट निघतंय, तर साडेसतराला काय धाड भरलीय! आन आश्लेषाचं म्हणाल तर, मी मूळ नक्षत्राची. सासऱ्याला वाईट म्हणून मला दोन ठिकाणी नाकारली. सासरे गेले ब्याण्णवाव्या वर्षी. शेवटची दहा वर्षं मलाच वाईट गेली." त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, उघडली आणि पहिला पेढा शिवकन्याच्या तोंडात कोंबला. "आप्पा, तो साडेचोवीसचा कागद छापा. जाड कागदावर, लॅमिनेशन करून. आमच्या नणंदबाईला दाखवायला. तिला मी जुनी मशिन डोळ्यानं बगितली म्हणून सांगते. ते खोटं न्हाई."

प्रिंटर करकरला. शिवकन्या पेढा तोंडात घेऊन फोन करायला पडद्याआड पळाली. आप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त आलं. त्यांनी कागद लॅमिनेशनच्या मशीनमध्ये सरकवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बगितलंस नीलम्मा? जुनं सेटअप ठेवलं म्हणून आज..."

नीलम्माबाई पेटीपाशी बसल्या होत्या. मांडीवर रजिस्टर होतं.

"एक इचारू का?"

"इचार की."

"ह्याच्यात साडेअकरा, भिंतीवर तीस. कामून?"

"ते... तवा ह्याचंच जुनं व्हर्जन असंल गं. येगयेगळ्या व्हर्जनमधी गणित बदलतंय. आत्ताच बगितलं की, आपल्या पोरीचंच."

"हां. व्हर्जन." त्यांनी रजिस्टराची पानं मागे नेली. दोन हजार वीस, दोन हजार बारा, दोन हजार सहा. अगदी पहिल्या पानावर बोट ठेवलं. आप्पांचं ते सुवाच्य अक्षर. "नक्षत्रवेल, व्हर्जन एक. फेब्रुवारी दोन हजार तीन. पुढं कंसात तुमीच लिवलंय: कंपनीचं हे पहिलंच व्हर्जन, ह्याच्याआधी काही न्हाई."

राजेश्रीबाईंनी दुसरा पेढा उचलला आणि स्टूल जरा वळवून घेतलं.

"आन आपलं लगीन अठ्ठ्याण्णवचं," नीलम्माबाई म्हणाल्या. "मंग तवा माझ्या बापाला जो कागद दिलता, तो कोणत्या व्हर्जनमधी काढलता?"

लॅमिनेशनच्या मशीनमधून साडेचोवीस गुण गरम गरम बाहेर आले. आप्पांनी ते उचलून राजेश्रीबाईंच्या हातात दिले. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, मधून बाहेरच्या कडेला, अगदी निगुतीनं. पुन्हा घातला. भिंतीकडे एकदा बघितलं, रजिस्टराकडे बघितलं नाही.

"मी काय इचारायले?"

आप्पांनी पायरीवर येऊन चपला घातल्या, त्यातली एक राजेश्रीबाईंची होती, आणि तशीच घालून मोंढ्याच्या दिशेनं चालायला लागले.